साहेब सध्या प्रसन्न आहेत

सिप्रियन तुस्कानोच्या विहिरीवर विजेचा पंप बसवायला शासनाची काहीही हरकत नव्हती. मात्र 'हरकत नाही' असे लिहून द्यायला दयाराम चुरी साहेबांची हरकत होती, कारण सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि साहेबांच्या पोटात अद्याप गोड काही गेले नव्हते.

"नंतर या!" साहेब कडाडले. "चपला बाहेर का नाही काढल्या? आणि हा एवढा उजेड आत कोणी सोडला?"

सिप्रियन मुकाट्याने बाहेर आला. चपला त्याने बाहेरच काढल्या होत्या. उजेड सूर्याने सोडला होता.

ही ऐंशी-एक्याऐंशी सालची गोष्ट. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि वसईतल्या विहिरी बागायत विहीर नियमन उपकार्यालयाच्या अखत्यारीत होत्या. नवी विहीर खणायची, जुनी उपसायची, तिच्यावर पंप ठेवायचा किंवा तिच्यातले पाणी दुसरीकडे न्यायचे, तर चुरी साहेबांची सही लागे. साहेब सज्जन होते. लाचेच्या एका पैशाला ते शिवले नसते. पण तोंड गोड करणे म्हणजे लाच नव्हे, ती आपली संस्कृती आहे, आणि साहेब संस्कृतीच्या बाबतीत फार कडक होते.

सुरुवात अगदी साधी झाली होती. काम झाले की माणसे पेढे आणत. पुढे कोणा हुशार बागायतदाराने काम व्हायच्या आधीच पेढे आणले आणि त्याचे काम आधी झाले. मग सगळेच आधी आणू लागले. आगाशीचा माणूस बर्फी आणी, निर्मळचा माणूस जत्रा नसतानाही जत्रेतला हलवा पैदा करी, आणि कुणाच्या घरी लग्न निघाले की केकचा वरचा मजला थेट साहेबांच्या टेबलावर उतरे. बिनसाखरेचा अर्ज अपूर्ण समजण्यात येऊ लागला. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते कोणी मोडलेही नाही.

वर्षानुवर्षे असे चालल्यावर साहेबांच्या डोक्याचे वेळापत्रक ठरून गेले. सकाळी राग. पहिला पेढा पोटात गेला की आनंद. त्या आनंदात साहेब समोर येईल त्या कागदावर सही करीत. मग सुस्ती. सुस्ती घालवायला कांदाभजी, आणि भज्यांनंतर विसर. तिसऱ्या प्रहरी साहेबांना काहीही कारण नसताना भरून येई आणि ते खिडकीतून बदामाच्या झाडाकडे बघत डोळे पुसत. त्यावर जिलबी हा एकच उतारा होता. जिलबी उतरेपर्यंत कार्यालय बंद व्हायची वेळ होई.

जनतेची गैरसोय होऊ नये म्हणून गंगाराम शिपायाने दारावर एक खिळा ठोकला होता. त्यावर तो पुठ्ठ्याच्या पाट्या बदलत असे: 'साहेब तापले आहेत', 'साहेब सध्या प्रसन्न आहेत', 'साहेब सुस्त आहेत', 'साहेब उदास आहेत'. ठाण्याहून तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी ही पद्धत जनताभिमुख असल्याचा शेरा मारला आणि जाताना अर्धा किलो पेढे बरोबर नेले.

"सिप्रियनभाऊ, येडा का खुळा तू?" गंगारामने त्याला बाजूला घेतले. तो भातशेतीवाल्या गावचा, साहेबांच्या मिजाशीचा जाणकार. "रिकाम्या हातानं कोन येतं का? काहीतरी आन. आनि पाटी बघून आत जा."

सिप्रियनकडे आणायला एकच गोष्ट होती. गिरीजला त्याची राजेळी केळीची वाडी होती. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवली की तिची सुकेळी होते. तपकिरी, चिकट, आणि एक खाल्ले की दुसऱ्यासाठी हात आपोआप पुढे जातो. पण ही वाडीच मरायला टेकली होती. रहाट ओढणारा रेडा दिवाळीत गेला. नवा रेडा घेण्याऐवजी सिप्रियनने पंप घेतला, आणि तो पंप आता ओटीवर गोणपाटाखाली परवानगीची वाट बघत पडला होता. तोवर नवरा-बायको विहिरीतून हाताने पाणी काढून घालत होते. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या होत्या. ते बघून सिप्रियनला रात्री जेवण जात नसे.

पहिल्या खेपेला त्याने सुकेळीचा पुडा नेला. पाटी 'प्रसन्न' होती. साहेबांनी एक खाल्ले, दुसरे खाल्ले, त्यांचा चेहरा फुलला.

"वा, तुस्कानो! आमच्या केळव्याला माझी आजी अशीच करायची," म्हणून साहेबांनी आजी, आजीचे जाते, आजीची मांजर यांची हकीकत सांगायला घेतली. मांजरीला पिल्ले होईपर्यंत साहेबांचे डोळे मिटले. गंगारामने पाटी बदलली.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी सही केली. मोठी, झोकदार, शिक्क्यासकट. ती त्यांनी सुकेळी बांधून आणलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर केली, आणि अर्जाला हात पुसून तो टोपलीत टाकला. सिप्रियनने अर्ज टोपलीतून काढून झटकला, तेवढ्यात साहेब सुस्त झाले. त्याच सकाळी पोस्टाचा रस्ता विचारायला आत आलेल्या एका पाहुण्याला विहीर खणायची परवानगी मिळाली. तो बिचारा पोस्ट न शोधताच घरी गेला.

"बाग जगवायला बागच भरवताय त्याला," जुलियाना म्हणाली. ती सिप्रियनची बायको, आणि खरे बोलायची तिला वाईट खोड होती. "सगळी केळी त्याच्या पोटात गेली की पंप काय माझ्या डोक्यावर बसवणार?"

"मग करू काय मी? त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याला मी काय करणार?"

"मग डोकं ठिकाणावर येऊ दे म्हणून मागा देवाकडे," जुलियाना म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिने खरोखरच गावच्या क्रूसापाशी चुरी साहेबांच्या डोक्यासाठी मेणबत्ती लावली.

मेणबत्तीने काम केले की साहेबांच्या पत्नी विमलाबाईंनी, हे सांगणे कठीण आहे. एका रात्री साहेबांनी विमलाबाईंना "बाई, अर्ज ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू" असे सांगितले. त्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग मुलीची शाळेतली बाई घरी आली आणि तिने "तुमची लेक" असे म्हणताच साहेबांनी "कोणाची?" असे विचारले. त्यात चेष्टा नव्हती. विमलाबाईंनी नवऱ्याचे मनगट धरले आणि त्याला डॉक्टरकडे नेले.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, दिवसभराच्या खाण्याची हकीकत ऐकली आणि पेन खाली ठेवले.

"गोड पडलं की डोकं चढतं, मग धाडकन खाली येतं. खाली आलं की चिडतं नाहीतर रडतं. मग परत गोड. वर हे तळकट. हे असं वर्षानुवर्षं चाललं तर आठवणीचं काय होणार? मेंदूवर साय धरलीय यांच्या. सगळं बंद. पेढा बंद, भजी बंद, 'जरासं, चवीपुरतं' हेही बंद."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या टेबलावर विमलाबाईंचा डबा आला. तांदळाची भाकरी, माठाची भाजी, वाल आणि ताक. पेढे दारातून परत जाऊ लागले. पहिले काही दिवस कार्यालयावर आकाश कोसळले म्हणा ना! साहेबांचे डोके ठणके, हात थरथरत, पंख्याच्या आवाजावरही ते खेकसत. गंगारामने बाकीच्या पाट्या कपाटामागे टाकल्या.

आणि एके सकाळी तो दाराशी उभा राहून आत टक लावून बघत राहिला. आत जे चालले होते त्यासाठी त्याच्याकडे पाटीच नव्हती. शेवटी त्याने नवा पुठ्ठा कापला आणि त्यावर लिहिले: 'साहेब वाचत आहेत.'

ती पाटी पाहून रांगेतले निम्मे लोक परस्पर घरी गेले.

सिप्रियन मात्र आनंदला. जन्मात पहिल्यांदा तो रिकाम्या हाताने, आणि तरीही ताठ मानेने, सरकारी कचेरीत गेला. त्याच्या पुढे विरारच्या फुलपाड्याचा एक बिल्डर होता, सफारी सूटमधला, काखेत मिठाईचा भलामोठा खोका. साहेबांनी खोका बाजूला सारला आणि अर्ज वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत!

"इमारती फुलपाड्यात. पाणी गिरीजच्या विहिरींचं. टँकरनं, रात्रंदिवस," साहेब म्हणाले. "एवढा उपसा केलात तर खाडीचं पाणी आत घुसेल. विहिरी मचूळ होतील, आजूबाजूच्या सगळ्या वाड्या मरतील. नामंजूर. पुढचा."

"देवमाणूस!" सिप्रियन मनात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो पुढचा होता.

साहेबांनी त्याचाही अर्ज वाचला. मग नकाशा काढला. नकाशा बघायचा असतो हे कार्यालय विसरूनच गेले होते.

"तुस्कानो, विहीर तुमची. कागद बरोबर. पण विहिरीच्या कडेनं जाणारी गाडीवाट सरकारी आहे. तिच्यावर दोन ओळी केळी कोणी लावली?"

"त्या पहिल्यापासून आहेत साहेब."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे... त्या वाटेनं कोणी जातच नाही साहेब."

"कसं जाणार? केळी आहेत." साहेब हसले, जागे, स्वच्छ हसू. "त्या दोन ओळी काढा. उद्या या. सही तयार ठेवतो. काही आणू नका."

सिप्रियन बाहेर आला तेव्हा त्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. असा अन्याय त्याच्यावर आजवर झाला नव्हता. आजवर त्याचे नुसते काम होत नव्हते. आता काम होत होते, तेही कायद्याने! बाहेर बेकरीच्या पायरीवर त्याला त्याच्यासारखेच पोळलेले भेटले. कोणाचा गोठा नाल्यावर निघाला होता. कोणी भावाची विहीर स्वतःची म्हणून दाखवली होती. एका अर्जावर वारलेल्या चुलत्याची ताजी सही सापडली होती.

"माणूस कामातून गेला," गोठेवाला हळहळला.

"पूर्वी कसा होता! काही म्हणजे काही कळायचं नाही बिचाऱ्याला."

"ह्याला काय झालंय कोन जाने," गंगाराम म्हणाला. "काल माझी हजेरी तपासली त्यानं!"

यावर सगळेच गंभीर झाले. साहेबांची प्रकृती सुधारली पाहिजे, म्हणजे पूर्ववत झाली पाहिजे, असा ठराव एकमुखाने झाला. गिरीज आणि निर्मळ, क्रूसवाले आणि देवळवाले, एवढी एकी निवडणुकीतही दिसली नव्हती. पेढा डॉक्टरने बंद केला होता. पण प्रसाद कोणी बंद केला होता? आनंदाच्या बातमीला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे का? दुसऱ्या दिवसापासून परिसरात सत्यनारायणांची आणि बाळांची लाट आली. एकाच बाळाच्या बारशाचे पेढे चार घरांतून आले, आणि चारही वेळा बाळाचे नाव निराळे होते. साहेब प्रसाद कपाळाला लावत आणि गंगारामला देत. गंगाराम आठवड्यात गुबगुबीत झाला, कधी गाऊ तर कधी रडू लागला, पण साहेब बधले नाहीत.

सिप्रियनने घरी सुकेळीचा डबा काढला तेव्हा जुलियानाने विचारले, "आता कशाला? त्यानं तर सही देतो म्हटलंय."

"दोन ओळी काढायला सांगतोय!"

"मग काढा. आपल्या कुठे आहेत त्या?"

"आज दोन ओळी म्हणतोय, उद्या घर म्हणेल."

"घरही वाटेवर आहे का?" जुलियानाने विचारले. तिने पुडा बांधून द्यायला नकार दिला, म्हणून त्याने स्वतःच बांधला.

साहेब एकटेच होते. ते फायली रचत होते आणि चक्क शीळ वाजवत होते.

"या तुस्कानो. ओळी काढल्यात?"

"काढतो साहेब. आधी हे." सिप्रियनने पुडा टेबलावर ठेवला. "तुमचं डोकं बरं व्हावं म्हणून बायकोनं क्रूसापाशी मेणबत्ती लावली होती. खोटं सांगत नाही, कुणालाही विचारा. तुम्ही बरे झालात. हा त्या नवसाचा प्रसाद."

साहेबांनी चष्मा काढला.

"माझ्यासाठी? तुमच्या घरी?" त्यांचा आवाज जड झाला, आणि यावेळी त्याला कारण होते. "तुस्कानो, तुम्हाला म्हणून सांगतो. माझी लेक आठवीत आहे. मी तिला पाचवीतच समजत होतो. परवा तिनं मला कविता म्हणून दाखवली आणि मी ती पुरी ऐकली, शेवटपर्यंत. मधली वर्षं कुठे गेली हो माझी? मी तर रोज इथंच होतो."

पुडा उचलावा, घरी जावे, कोयता घ्यावा, दोन ओळी आडव्या कराव्यात, असे सिप्रियनला अगदी मनापासून वाटले, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. मग त्याला त्या दोन ओळींचे घड आठवले. चांगले मोठे होते.

"एकच घ्या साहेब," तो म्हणाला. "नवसाला नाही म्हणू नये. बायकोला वाईट वाटेल."

साहेबांनी एकच घेतले. मग दुसरे घेतले. तिसऱ्यानंतर त्यांचा चेहरा फुलला, हात टाकाकडे गेला आणि सिप्रियनने यावेळी अर्ज नीट टाकाखाली धरला. सही अर्जावरच झाली.

"वा! माझी आजी अशीच करायची," साहेब म्हणाले. "आपलं नाव काय म्हणालात?"

गंगाराम दाराआडून सगळे बघत होता. त्याने घाईघाईने जुनी पाटी खिळ्याला लटकवली: 'साहेब सध्या प्रसन्न आहेत.' क्षणात बर्फी, पेढे, भजी आणि जिलबी आत घुसली. सिप्रियन गर्दीतून बाहेर पडत होता तेव्हा एक सफारी सूट त्याला घासून आत गेला. काखेत खोका तोच होता. सिप्रियनने त्याला आदबीने वाट दिली.

पंप बसला. पहिल्या दिवशी पाण्याची धार दोन ओळींनाच आधी सोडली. सिप्रियनने गावभर पेढे वाटले आणि ते गावाने खाल्ले. जुलियानाने तेवढा घेतला नाही. तिचा स्वभावच तसा.

मग टँकर आले. दिवसा आले, रात्री आले, गाडीवाट केळीने अडल्यामुळे शेजारच्या वाड्या तुडवत आले. पुढच्या उन्हाळ्यात सिप्रियनचा पंप घरघरला आणि त्यातून आले ते पाणी जिभेला खारे लागले. केळीची पाने कडेने नव्हे, मधूनच पिवळी पडली. वाडी आडवी झाली तेव्हा वाटेवरच्या दोन ओळीही आडव्या झाल्या. गाडीवाट आपोआप मोकळी झाली, साहेबांनी सांगितले होते तशीच.

सिप्रियन कचेरीत धावला.

"साहेब, त्या बिल्डरचा अर्ज तुम्ही नामंजूर केला होतात! माझ्या डोळ्यांदेखत! मग सही कशी दिलीत? वाचला नव्हतात का?"

साहेबांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. "बसा, बसा. आपण कोण? सुकेळी आणलीत का?"

"कुठून आणू साहेब? केळीच राहिली नाहीत!"

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "नाहीत? मग आलात कशाला? आणि हा उजेड कोणी सोडला आत?"

गंगारामने सिप्रियनला दंडाला धरून बाहेर काढले. "सांगितलं होतं तुला भाऊ," तो समजुतीने म्हणाला, "रिकाम्या हातानं येऊ नको."

बाहेर विमलाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्या अजून रोज डबा आणत आणि तो रोज तसाच परत जाई. "तुम्हीच ना ते नवसवाले?" त्यांनी विचारले. सिप्रियनने मान खाली घातली. त्या डबा घेऊन आत गेल्या. त्याला वाटले, चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

फुलपाड्यातल्या इमारती वेळेवर पुऱ्या झाल्या. तिथे नाही, तर तशाच दुसऱ्या एखाद्या इमारतीत तुम्ही ब्लॉक घेतलात, वास्तुशांत केलीत, आम्हालाही आवर्जून बोलावलेत. नळाला धो-धो पाणी होते. हे पाणी येते कुठून, असे विचारायला आम्ही तोंड उघडले होते, पण तेवढ्यात तुम्ही त्यात पेढा घातलात. छान होता हो. दुसराही घेतला. नंतर काय विचारायचे होते ते काही केल्या आठवेना, आणि खरे सांगा, तुम्हालाही आठवत नाहीये ना?